स्वतःच्या शेतात केलं का?

केळी उत्पादकांसाठी मी जळगावात बसून वेबसाइट सुरू केली, तेव्हा तिच्यावर जेमतेम साठ-सत्तर माणसं होती आणि नियम एकच होता. प्रश्नाला उत्तर देणाऱ्याने आधी आपलं गाव लिहायचं आणि हा उपाय स्वतःच्या शेतात केला आहे का, ते सांगायचं. केला नसेल तर गप्प बसायचं. उत्तराला कधी दोन दिवस लागत, पण सांगितलेला उपाय डोळे मिटून करावा असा असे.

मग माणसं वाढली आणि मी हुरळून गेलो. नवे सभासद कुरकुरत, "एवढं कोण लिहीत बसणार?" त्यांचं ऐकून मीच नियम काढून टाकला आणि तशी सूचना कोपऱ्यात बारीक अक्षरांत टाकली. शिरपूरच्या एका जुन्या सभासदाने, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, फोनवर मला चांगलंच झापलं. मी नुसतं हो-हो केलं. गर्दी फार गोड लागते.

त्यानंतर सकाळच्या शुभेच्छा आल्या, औषधं विकणारे आले, पक्षावरून भांडणं आली. जुने लोक न बोलता निघून जाऊ लागले. मी काणाडोळा केला.

चोपड्याच्या एक अक्का पहिल्यापासून साइटवर होत्या. दोन एकर केळी, एकटीचा कारभार. पानं पिवळी पडताहेत म्हणून त्यांनी फोटो टाकला आणि तासाभरात पन्नासेक जणांनी अक्कल पाजळली. सगळ्यांत वरचं उत्तर होतं, ठिबकमधून खताचा डोस दुप्पट करा. अक्कांनी केला. या साइटवर न केलेलं कुणी सांगत नाही, एवढंच त्यांना ठाऊक होतं. माझी बारीक अक्षरं त्यांनी वाचलीच नव्हती.

अक्कांची केळी करपल्याचं कळल्यावर मी मोटरसायकल काढून चोपड्याला गेलो. पानं कडेकडेने करपली होती. मुळात ती पिवळी पडली होती जास्त पाण्याने, खत कमी पडलंच नव्हतं; दुप्पट डोसाने ती करपली. अक्का माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भाऊ, बठ्ठा शायना शेतस," त्या म्हणाल्या, "मंग मन्ही केळी का बरं जळनी?"

सगळेच शहाणे आहेत, मग केळी जळली कशी, हे त्या मलाच विचारत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते उत्तर देणारा नंतर शोधून काढला. त्याच्याकडे केळीचं एक झाडही नव्हतं.

घरी येताच नियम परत लावला आणि चूक माझी होती, हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. आता जुनी उत्तरं एकेक वाचून ऐकीव सल्ले उडवतो आहे. रोज शिव्या येतात. निम्म्याहून जास्त लोक गेले, जाऊ देत. नाना परत आले.

परवा अक्कांना फोन करून हे सगळं सांगितलं. त्या हसल्या.

"बेस करं, भाऊ. पन आते मी शेजारलेच इचारस."

त्यांचं साइटवरचं खातं मी बंद केलेलं नाही. काम थांबवायचाही विचार नाही, रोज सकाळी बसतोच. अक्का परत येतील, असं मात्र मला वाटत नाही.