बिनबर्फाचं छप्पर

चोर मीच होतो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचं ऐकताना तुमचा घोळ नको.

बिश्केकच्या कडेला आमची वस्ती. चाळीस घरांसाठी बसवलेला एक ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्या जिवावर दीडशे घरांचे हीटर. तो इतकी वर्षं तगला तो वायरमन मुकाश आकेमुळं. थोरल्या पुरुषाला आमच्यात आके म्हणतात. नारीनच्या डोंगरातला माणूस, उभी हयात खांबावर गेलेली, तोंडानं फाटका. बाकीचे वायरमन फ्यूज उडाला की जाड तार गुंडाळून मोकळे होतात. हा नाही. "जाड तार घालू? मग फ्यूजऐवजी तुझं घर जळेल. चालेल?" असं विचारायचा आणि वर दोन शिव्या फुकट. पण उणे तीसमध्येही हाक मारली की पायाला लोखंडी आकडे बांधून वर चढायचा, तेही हातमोजे काढून. मोज्यातून स्क्रू कळत नाही म्हणायचा. दर हिवाळ्यात त्याच्या बोटांची सालटी निघायची. बायको त्यावर मेंढीची चरबी चोळायची आणि त्याला शिव्या घालायची.

आणि मी? मी फरशीखाली हीटरच्या तारा टाकल्या होत्या, न्हाणीघरात बॉयलर, गॅरेजमध्ये आणखी एक. त्यासाठी मीटर टाळून खांबावरून वेगळी तार घेतली होती, टेलिफोनच्या जुन्या नळीतून लपवून. माळ्यावर वीतभर भुसा आणि वर माती. आत आम्ही बनियनवर चहा प्यायचो आणि छपरावर हातभर बर्फ जसाच्या तसा.

त्या जानेवारीत आठ दिवस उणे एकोणतीसच्या वर पारा गेला नाही. एका दुपारी फ्यूज उडाला. मुकाश आकेनं नवा घातला, दहा मिनिटांत तोही उडाला. ट्रान्सफॉर्मरभोवती शंभरएक माणसं जमली, कुणाच्या हातात कुऱ्हाड, कुणाच्या हातात फावडं. बर्फ फोडता फोडता तशीच आलेली. माझ्या हातात पहार होती.

"तिसऱ्या फेजवर कुणीतरी राक्षसासारखं ओढतंय," मुकाश आके म्हणाला. "घरोघर फिरतो. तारेला चिमट्याचं मीटर लावलं की कळतं कोण किती खातोय ते."

तो चिमटा माझ्याही घरी येणार होता. आणि मी ओरडलो, "चिमटा कशाला? छपरं बघा की!"

आमच्यात हे सगळ्यांना पाठ होतं: ज्याच्या छपरावर बर्फ टिकत नाही, तो वीज जाळतो. सगळ्यांच्या माना वळल्या. अख्ख्या गल्लीत एकच छप्पर काळं, ओलं, उघडं होतं. बुरूल एजेचं, म्हणजे बुरूलताईचं. विधवा बाई, दोन मुली, बाजारासाठी घरी जाकिटं शिवायची.

"आपली पोरं गारठून मरतायत, आणि ही बया छप्पर शेकत बसलीय!" हेही मीच म्हणालो. लाज वाटते, पण म्हणालो.

मग कोण कुणाचं ऐकतंय! ओरोझ टॅक्सीवाल्यानं लाथ घालून फाटक पाडलं. त्याचा महिन्याचा नातू घरात खोकत होता, तो माणूस आठ दिवस झोपला नव्हता. कुणी खिडकी फोडली. आतून शिवणयंत्र बाहेर येऊन बर्फात आपटलं, मागोमाग गाद्या, मागोमाग शिवलेली जाकिटं. मुली किंचाळत होत्या. बुरूल एजे कातरी घेऊन धावली आणि तिनं ती सरळ ओरोझच्या दंडात खुपसली. त्यानं तिच्या थोबाडीत अशी मारली की बाई भिंतीवर जाऊन आदळली.

तेवढ्यात मुकाश आके गर्दी चिरत आला आणि दारात आडवा उभा राहिला. दोन्ही हात चौकटीवर.

"अरे गाढवांनो! ही बाई आभाळ तापवतेय, आभाळ! माळ्यावर मूठभर भुसा नाही हिच्या. एक हीटर लावते, त्याची सगळी ऊब वरून पळते. चोराचं छप्पर उघडं नसतं रे. त्याच्या छपरावर चांगला जाड बर्फ असतो." आणि त्यानं माझ्याकडं बघितलं. "सांगू कुणाच्या..."

मी पहार उगारली आणि त्याच्या उजव्या हातावर घातली. हात चौकटीवरच होता. खाली लाकूड, वर लोखंड. हाडांचा चुरा झाल्याचा आवाज मी ऐकला. मी रागानं मारलं नाही. त्यानं गप्प बसावं म्हणून मारलं. पण पहिला घाव पडला की गर्दीला दुसऱ्याचं कारण लागत नाही. त्याला खाली पाडून लाथांनी तुडवलं. ज्यांच्या खांबावर तो इतकी वर्षं चढला, त्यांनीच. ओरोझनं कुऱ्हाडीनं बुरूल एजेची केबल तोडली आणि लोकांनी आरोळी ठोकली.

मग फ्यूज घालायची वेळ आली आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. घालणार कोण? घालणारा बर्फात पडून रक्त ओकत होता.

त्याला उचलून एका जुन्या टायरवर बसवलं. त्यानं सांगितलं तसा ओरोझनं फ्यूज बसवला, मोठ्या स्विचचा दांडा वर चढवला. घराघरात दिवे लागले. दहा मिनिटं. मग पुन्हा फट्‌ आणि सगळं बंद.

बुरूल एजेची केबल तर समोर तुटून पडली होती. तीही तिथंच उभी होती, गाल सुजलेला, दोन्ही मुलींना कोटात धरून.

मुकाश आकेनं दांडा खाली ओढायला लावला, म्हणजे तारांमधली वीज बंद. मग डाव्या हातानं पायातले आकडे सोडले आणि माझ्यापुढं फेकले. "बेकतुर, तू चढ." आणि हळूच म्हणाला, "ती तार तोड. कुठली ते तुला शोधावं लागायचं नाही. नाहीतर मी बोलतो."

मी चढलो. आकडे घसरत होते, हात लाकडासारखे झालेले. दांडा खरंच खाली आहे ना, की या माणसानं मला मारायलाच वर धाडलंय? असलं तरी काय चूक होतं त्याचं! मी डोळे मिटून तारेला हात लावला. काही झालं नाही. मनात म्हटलं, टोक नळीत लपलेलं राहील, खालून कुणाला काय कळतंय. आणि पकडीनं तोडली.

तार गोठून ताठ झाली होती. तुटल्याबरोबर जुन्या नळीचे तुकडे पाडत ती खांबापासून थेट माझ्या फाटकापर्यंत उघडी पडली. शंभर माणसांनी ती नजरेनं धरली आणि माझ्या घरावरच्या पांढऱ्याशुभ्र छपरापर्यंत गेली.

मी वर. ते खाली. उतरायला दुसरी वाट नव्हती.

तीन बरगड्या, जबडा आणि एक कान. ओरोझनं सुरुवात केली, बायकासुद्धा मागं राहिल्या नाहीत. एकट्या बुरूल एजेनं हात लावला नाही, ती आपली जाकिटं गोळा करत होती. मुकाश आके टायरवर बसून बघत होता. थांबा म्हणाला नाही. त्याच्या जागी असतो तर मीही म्हणालो नसतो. संध्याकाळी वीज आली, ती पुन्हा गेली नाही.

माझं सगळं भरून आलं. त्याचा हात मात्र कायमचा गेला, बोटं वाकत नाहीत, खांब सुटला. आता तो बसस्टॉपजवळ कुलपं, किल्ल्या विकतो. मी म्हाताऱ्यांना पुढं घालून, मेंढी घेऊन माफी मागायला गेलो होतो, दोनदा. दोन्ही वेळा मेंढी परत आली. "खायला घाल तुझ्या बॉयलरला," म्हणाला.

मयतीला, लग्नाला आम्ही समोरासमोर येतोच. पुरुष रांगेत उभे राहतात, तो एकेकाशी हात मिळवत येतो. सगळ्यांना डावा देतो, कुणी वाईट मानत नाही. माझ्यापाशी आला की थांबतो, खिशातून उजवा काढतो आणि पुढं करतो. मला तो दोन्ही हातांत घ्यावा लागतो.