कुपनामागचे हंस

शालिकरामजी परात्यांच्या पाचही हंसांच्या माना मी दाढीच्या पात्याने उडवल्या. साल चोपन्न, महिना भाद्रपद. हंस कागदाचे होते, आणि मला त्यांच्याशी काही कर्तव्य नव्हतं. मला हवं होतं ते पानाच्या पाठीवरचं शब्दकोड्याचं कुपन. शालिकरामजी विणकरांच्या सोसायटीत सूत आणायला गेले होते. त्यांची बायको जनाबाई पडवीत चाकावर सुताच्या कांड्या भरत होती. तिने "या बाबूजी" म्हटलं आणि पुन्हा चाकाला लागली. मागाशेजारच्या स्टुलावर मासिकाचा अंक उघडा होता. मी पान उलटलं, कुपन कापलं, कोडं भरलं आणि चारच्या टपालाने मुंबईला रवाना केलं. विचारायला शालिकरामजी घरी नव्हते. असते तरी मी विचारलं असतं, असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

महाल भागातल्या आमच्या गल्लीला तेव्हा मासिकांची भारी हौस. हे चित्रांचं मासिक तर चार घरी येई. यमुताई ते पाककृतींसाठी घेत, आणि पंधरा वर्षं त्यांच्या घरी वांग्याची तीच भाजी होत होती. सायकलवाले चंद्रभानजी ते सासऱ्यांसाठी घेत. सासरे उमरेडहून आले की गादीवर अंक दिसायला हवा. शाळेत चित्रकला शिकवणारे श्रीधर मास्तर ते संचासाठी घेत. बारा अंक, कापडी बांधणी, पाठीवर सोनेरी साल. उघडले की पानं मळतात म्हणून अंक वेष्टणातच राहत. मी स्वतः कुठलंच मासिक घेत नसे. दुसऱ्याचं वाचण्यात जी गोडी आहे, तिला वर्गणी भरून बट्टा कशाला लावा?

शालिकरामजी मात्र ते चित्रांसाठी घेत. अक्षरांना त्यांनी कधी त्रास दिला नाही. कोष्ट्याच्या घरी मासिक म्हणून गल्ली हसे. हसणाऱ्यांत मी पुढे. ते चित्र समोर धरत, बोटांनी हवेत धागे मोजत, आणि दोन महिन्यांनी तीच वेलबुट्टी कुणाच्या तरी लुगड्याच्या पदरावर निघे.

त्या साली विणकामाचा नवा वर्ग निघायचा होता. ज्याचा पदर पंचांना पसंत पडेल तो शिक्षक, आणि शिक्षकाला खुर्ची. तीस वर्षं मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसल्याने शालिकरामजींचे गुडघे कामातून गेले होते. खड्ड्यातून वर यायचं तर दोन्ही हातांनी खांब धरून ते स्वतःला ओढून काढत. त्यांना मानमरातब नको होता, खुर्ची हवी होती. त्यासाठी त्यांनी त्या अंकातली जुन्या देवळावरची हंसांची रांग निवडली.

पदरावर हंस एकेक करून होत नाहीत. सगळे एकदमच पायांकडून वर येतात, धाग्यामागून धागा. चित्रात हंस पाच होते, पदरावर अकरा. मी पातं चालवलं त्या दिवशी ते अकराही पोटापर्यंत आले होते.

संध्याकाळी मी चहाच्या आशेने पुन्हा गेलो, तेव्हा शालिकरामजी पानातल्या भोकातून पलीकडची भिंत पाहत होते. मी ताबडतोब कबूल केलं. पातं अजून माझ्या खिशातच होतं.

"पोटं तं इनून झाले, बाबूजी," ते म्हणाले. "आता माना कुठून आनू?"

रागावले नाहीत. माना सरळ नव्हत्या एवढं त्यांना आठवत होतं, पण कुठून कशा वळल्या होत्या ते डोळ्यांपुढे येईना. पंच यायला आठ दिवस होते. मी म्हटलं, काळजी कशाला, गल्लीत अजून तीन अंक आहेत.

यमुताईंचा अंक डब्यांच्या फळीवर अंथरलेला निघाला. त्यात भोक. यजमानांनी कुपन कापलं होतं. चंद्रभानजींच्या अंकात भोक. तिथे खुद्द सासऱ्यांनीच हात मारला होता. आमच्या गल्लीने एकदिलाने हंसांच्या माना कापून मुंबईला पाठवल्या होत्या, आणि वाचायच्या मजकुराला कुणी बोट लावलं नव्हतं. मला हसू आवरेना. शालिकरामजी चंद्रभानजींच्या पायरीवर बसून गुडघा चोळत होते, म्हणून रस्त्याकडे तोंड करून हसलो.

राहिले श्रीधर मास्तर. कोडी त्यांना हलकी वाटत. अंक काचेच्या कपाटात होता, वेष्टणात, टपालाच्या शिक्क्यासकट. शालिकरामजींनी हात जोडले. घरी नेत नाही, हातही लावत नाही, तुम्हीच धरा, मी लांबून पाहतो, असं ते परोपरीने सांगत होते.

"वेष्टण फोडावं लागेल," मास्तर म्हणाले. "आणि यंदा मी पंच आहे, शालिकराम. मला हे शोभत नाही."

त्यांनी कपाट लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली.

शालिकरामजींनी मग माना मनानेच विणल्या. हंस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. उमरेडच्या तळ्यावरचे बगळे पाहिले होते. अकरा उभ्या माना निघाल्या, सगळ्या नाकासमोर पाहणाऱ्या.

निकालाच्या दिवशी मी मागच्या बाकावर होतो. पदर पसरला तेव्हा दोन पंच पुढे वाकले. पोटांवरची पिसं पाहून एकाने चष्मा पुसून पुन्हा लावला. तेवढ्यात श्रीधर मास्तरांनी पिशवीतून अंक काढला. वेष्टण त्यांनी त्या सकाळी फोडलं होतं, कर्तव्य म्हणून. चित्र त्यांनी पदराशेजारी ठेवलं. त्यातले हंस माना मागे वळवून एकमेकांकडे पाहत होते.

"हे हंस आहेत," मास्तर म्हणाले, "की रेशनच्या दुकानापुढची रांग?"

सगळे हसले. विनोद बरा होता; मीही हसलो. शालिकरामजी लुगड्याची घडी घालू लागले. तीस वर्षं घातलेली घडी त्यांना त्या दिवशी जमेना.

खुर्ची खाप्याच्या ताराचंदला मिळाली. त्याच्या पदरावर कुयऱ्या होत्या. कुयरीला मान नसते.

दिवाळीनंतर शालिकरामजी गिरणीत लागले. आठ तास उभं राहायचं काम. लुगडं कुणी विकत घेतलं नाही, तेव्हा जनाबाई तेच नेसून नळावर जाऊ लागली, आणि तिथल्या बाया तिला पाहून म्हणत, सरका वं, रांग आली. माझ्या कोड्याचाही निकाल लागला होता. सहा चुका.

एकदा गिरणीतून परतणारे शालिकरामजी दिसले. मी सायकलवरून उतरलो आणि त्यांच्या चालीने चालू लागलो. त्या चालीने आमची गल्ली फार लांब आहे. मनावरचं ओझं उतरवायचं होतं, माझ्याच. मी विचारलं, त्या दिवशी पंचांसमोर माझं नाव का नाही घेतलं? चित्र मी कापलं, एवढं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

त्यांनी गुडघ्यावर हात टेकून पुढचं पाऊल उचललं.

"मले इचारलं कोनं?"