सांगून न तुटणारा बेल्ट

सिरसाळ्याच्या रस्त्यावरचा आमचा मिस्त्री माणसांना अहो-जाहो करतो आणि इंजिनाला 'काय बे' म्हणतो. बॉनेट उघडलं की आधी इंजिनाची हालहवाल विचारतो, मगच पाना उचलतो. मला मात्र दर खेपेला एकच ऐकवायचा, "बाकी समदं कुरकुर करून बिघडतं, सेक्रेटरी. टायमिंग बेल्ट सांगून तुटत न्हाई. आन् तुटला की इंजिन घेऊन जातो."

मी दूध सोसायटीचा सेक्रेटरी. दुधात पाणी शोधता शोधता माणसांवरही संशय घ्यायची सवय लागलेली. अखेर त्यानं माझ्या गाडीचा बेल्ट बदलला, तेव्हा मी जुना ओढून पाहिला. "चांगला तर आहे की! उगंच बदलला तुम्ही."

त्यानं तो बेल्ट कापला, स्वतःच्या कमरेला घातला आणि पुढून तारेनं आवळला. "म्हैनाभर टिकला तर मी खोटा."

चौथ्या दिवशी गावात पाण्याचा टँकर आला, आठवड्यानं. दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन तो माझ्यासमोरून निघाला आणि कट्कन आवाज झाला. तार शाबूत होती, बेल्टच मधोमध तुटला होता. पँट गुडघ्यांवर आली. सगळी रांग हसायला लागली. त्यानं बादल्या खाली ठेवल्या नाहीत, थेंबही सांडला नाही.

"बगा सेक्रेटरी," तो शांतपणे म्हणाला, "सांगितलं का त्यानं?"

त्याच्या घरापर्यंत मी मागून त्याची पँट धरून चाललो.