विल्फ्रेडची सर्वपित्री

मागच्या सर्वपित्री अमावास्येला आम्ही एका इंग्रज क्रिकेटपटूला खीर, भजी आणि गवारीची भाजी असं जेवू घातलं. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि चूक माझी होती.

हा विल्फ्रेड थिसलवूड बाबांना शहागंजच्या रद्दीत, एका जुन्या इंग्रजी क्रिकेट वार्षिकात सापडला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तो आपल्या काउंटीकडून पार केस पिकेपर्यंत खेळला. इंग्लंडच्या संघात एकदाच घेतला, तोही बारावा म्हणून. सामनाभर त्यानं पाणी नेलं आणि मुकाट्यानं काउंटीत परतला. बाबा सरकारी कचेरीत होते. त्यांची बढती दर वेळी पुढच्या यादीत असायची. ते निवृत्त झाले, ती यादी काही निघाली नाही. त्यामुळे विल्फ्रेडची कारकीर्द ते घरच्या माणसाची सांगावी तशी सांगायचे आणि आम्ही हसायचो. (आई हसायची नाही. ती चहा ठेवायची आणि ऐकायची.) आई गेल्यावर बाबांनी विल्फ्रेडचं नावच काढलं नाही. मीही विचारलं नाही.

तर, गुरुजींनी गेलेल्यांची नावं व्हॉट्सॲपवर मागवली. बाबांच्या वहीत 'गेलेले' असं एक पानच होतं. मी फोटो काढला आणि पाठवून दिला. वाचतो कशाला!

तर्पणाच्या वेळी गुरुजी आजोबा, आजी, आई असं करत खाली आले आणि अडखळले. "विल्फ्रेड... यांचं गोत्र?"

फुलंब्रीहून आलेली आत्या ताठ झाली. "दादा, आपल्यात ह्यो कोन?"

बाबांचा चेहरा उतरला. "चुकून गेलं ते. राहू द्या, गुरुजी."

"मित्र होते का?" गुरुजींनी विचारलं. "मित्रालाही पाणी देता येतं. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणायचं."

बाबांनी ओंजळीत पाणी घेतलं. मग म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांसाठी राबला, पाणी नेलं त्यानं. त्याला कुणीतरी द्यायला पाहिजे." आणि त्यांनी ओंजळ सोडली. मला माझ्या सगळ्या हसण्याची लाज वाटली.

गच्चीवर पान ठेवलं, तर कावळा शिवेना. दोन वाजले. पोटात कावळे ओरडत होते, खरा मात्र टाकीवर बसून भज्यांकडं नुसता बघत होता. आत्यानं हात जोडून सगळ्या पितरांच्या इच्छा पुऱ्या करून टाकल्या: नातवाचं लग्न, बोअरचं पाणी, भावकीतला बांध. कावळा ढिम्म.

"दादा, तुझ्या त्या गोऱ्याचं तर काई राहिलं नाय ना?"

"कसोटी राहिली," बाबा म्हणाले.

आत्यानं डोक्यावर पदर घेतला आणि टाकीकडं बघून हात जोडले. "ये रे बाबा. तुला घेतलं टीममधी. आता पाणी न्यायचं नाय, खेळायचं. आदी जेवून घे."

कावळा उतरला आणि भजं घेऊन गेला.

बाबांनी डोळे पुसले. मग पंगतीत आत्याला विल्फ्रेडची सगळी कारकीर्द पहिल्या सामन्यापासून सांगितली. ती खीर ओरपत "मंग?" विचारत राहिली. आई गेल्यापासून बाबा इतके बोललेच नव्हते.

बाबांना हवं ते मी मुलगा म्हणून आजवर एकदाच नेमकं केलंय, आणि तेही न वाचता.