पायांवरचं बाळ

मला काकूंवर सूड उगवायचा होता. हे लिहिताना अजूनही अवघडल्यासारखं होतं, पण त्याला दुसरा शब्द मला सापडत नाही.

आम्ही अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला आलो तेव्हा मी सात वर्षांची होते. बाबा एका गोदामात कामाला लागले आणि आई इथल्या मराठी घरांमध्ये बाळंतिणींच्या मदतीला जाऊ लागली. बाळाला तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, गुंडाळून झोपवायचं. धुरी मात्र नाही, कारण स्मोक अलार्म वाजतो. त्यांतल्याच एका घरी, ज्यांना मी काकू म्हणायचे त्यांच्याकडे, ती पाच महिने जात होती. शनिवारी मीही तिच्याबरोबर असायचे. बाथरूमच्या फरशीवर आई पाय लांब करून बसायची, सलवार गुडघ्यांपर्यंत वर, आणि काकूंची मुलगी तिच्या पायांवर पालथी. काकू दारात उभ्या राहून फोटो काढायच्या. ओलं बाळ हातातून निसटेल अशी त्यांना भीती वाटायची, आणि तसं त्या मोकळेपणाने सांगायच्याही.

पुढे काकूंनी नोकरी सोडली आणि चित्रकलेचे क्लास लावले. मुलीच्या पाचव्या वाढदिवसाला त्यांच्या दिवाणखान्यात एक मोठं तैलचित्र लागलं होतं. त्यात आईचे पाय होते, आईचे हात होते, डाव्या पायाचं वाकडं बोटसुद्धा होतं. चेहरा काकूंचा होता. खाली लिहिलं होतं, ‘मी आणि माझी लेक’. आई त्या दिवशी पुऱ्या तळायला आली होती. चित्रासमोर थोडा वेळ उभी राहून ती म्हणाली, “पाय छान आलेत,” आणि स्वयंपाकघरात गेली. मी काहीच बोलले नाही. ते न बोलणं मला फार वर्षं पुरलं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कोणते विषय घ्यायचे हे विचारायला कोणी नव्हतं, तेव्हा वेळ जमत होती म्हणून मी कलेच्या इतिहासाचा कोर्स घेतला. तिथे मला ती भेटली. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच इम्प्रेशनिस्ट चित्रकारांमधली एक बाई. सरकारी कलाशाळेत बायकांना प्रवेश नव्हता, म्हणून घरी शिक्षक ठेवून शिकलेली. पुरुष मित्रांसारखं कॅफेत एकटं बसता येत नव्हतं, म्हणून तिने घरातलंच रंगवलं: खिडकी, आरसा, बाळं. ब्रशचे फटकारे इतके झरझर की चित्र अर्धवट सोडलंय असं लोकांना वाटायचं. मला ती इतकी आवडली की तिच्यावर निबंध लिहायचा ठरवून मी बस पकडून संग्रहालयात गेले.

चित्रात एक बाई लहान मुलीला टॉवेलने पुसत होती. शेजारच्या पाटीवर चित्रकर्तीचं नाव होतं, त्या मुलीचं, म्हणजे तिच्या लेकीचंही होतं. बाईबद्दल एकच शब्द होता, ‘दाई’. प्राध्यापिकाबाईंना विचारलं तर म्हणाल्या, नोंद नाही सापडत. मला वाटतं, माझा निबंध तिथेच बदलला. चित्रकर्तीला ब्रश हातात धरायला वेळ मिळत होता, कारण तिचं मूल दुसरीच्या हातात होतं. तिला दाराबाहेर ठेवणाऱ्यांवर रागावलेली मी आता तिच्यावरही रागावले. पण ती केव्हाच मेली होती. काकू नोव्हायमध्येच होत्या.

त्या वर्षी इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत सभासदांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं आणि त्याची जबाबदारी काकूंकडे होती. त्यांनीच मला फोन केला. “तू आर्ट हिस्ट्री करतेयस ना? दहा मिनिटं बोल. म्हणजे मुलांना कळेल, हौस म्हणून असंही काही शिकता येतं.” मी लगेच हो म्हटलं. ते चित्र लागणार हे मला माहीत होतं.

शाळेच्या हॉलमध्ये आधी काकू बोलल्या. आईपणामुळेच आपल्यातली चित्रकार जागी झाली, असं म्हणाल्या. “रोज हिला मांडीवर घेऊन न्हाऊ घालायचे, त्यातून हे चित्र आलं.”

माझी सगळी तयारी स्लाइड्सवर होती. त्या मी लावल्याच नाहीत.

“काकू,” मी माइकवर म्हटलं, “चित्रात बाळ मांडीवर नाहीये. पायांवर आहे.”

पहिल्या दोन रांगांत भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आज्या बसल्या होत्या. त्यांनी माना वर करून चित्र पाहिलं. एक आजी हसत काकूंना म्हणाली, “अगं खरंच की. हे पाय सराईत बाईचे आहेत. तू बसतेस होय अशी? आरतीला तर तुला खुर्ची लागते.” हशा झाला. मला तो हशा हवा होता. मी आणखी बोलले. हे पाय माझ्या आईचे आहेत, म्हटलं, आणि वाकडं बोट दाखवलं. आई मागे, प्रसादाच्या टेबलाशी होती. सगळे वळून तिच्या चपलांकडे बघू लागले. तिने पाय टेबलाखाली घेतले. ते मला दिसलं, तरी मी थांबले नाही.

काकूंचा चेहरा पांढरा पडला होता. पर्समधून पेन काढून त्यांनी माझ्यापुढे धरलं. “काय लिहू मग? ‘मालीशवाली बाई’?”

मी पेन घेतलं. चित्राखालच्या चिठ्ठीवरचं ‘मी आणि माझी लेक’ खोडून खाली मराठीत आईचं नाव लिहिलं. काकूंनी चित्र भिंतीवरून उतरवलं आणि छातीशी धरून गाडीकडे नेलं. भिंतीवर नुसती चिठ्ठी उरली.

लोक पांगल्यावर आई आली. चिठ्ठी वाचून तिने माझ्याकडे पेन मागितलं.

“दुसरी वेलांटी,” ती म्हणाली, आणि स्वतःचं नाव दुरुस्त केलं.

त्या आठवड्यात दोन घरांनी तिचं काम कॅन्सल केलं. दोन्ही काकूंच्या ओळखीतली होती. मी काकूंना सॉरी म्हणावं, असं बाबांचं म्हणणं आहे. आई आता मंडळात जाताना बंद बूट घालते. मी अजून फोन केलेला नाही, आणि करेन असं वाटतही नाही. पण माफी मागायचीच झाली तर ती काकूंची नसेल.