मारण्याआधी शरणार्थी
दिवाळीत टिकल्या फुटल्या की त्या वासाने मला सोनपेठचं एक किराणा दुकान आठवतं. कॉलेजातली आम्ही पाच-सहा मुलं मोबाइलवर एका सुपारी घेणाऱ्या मारेकऱ्याची फिल्म करत होतो आणि मारेकरी मी होतो. ज्याला मारायचं तो व्यापारी म्हणून आमच्या गल्लीतले म्हातारे लिंगायत स्वामी गल्ल्यावर बसले होते, कारण दुसरं कुणी मरायला तयार नव्हतं. दुपारच्या उन्हात पत्रे तापले होते, मिरचीचा खकाणा नाकात जात होता. मी टिकल्यांचं पिस्तूल घेऊन आत शिरलो आणि लहानपणापासूनच्या सवयीने आधी त्यांच्या पाया पडून "शरणार्थी" म्हणालो, हा आमच्या लिंगायतांतला नमस्कार. त्यांनीही सवयीनेच माझ्या डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्यांदाही तेच झालं. दिग्दर्शक झालेला वर्गमित्र कावला, "अबे, मारायला आलास का पाया पडायला? आता चुकलास तर दुसऱ्याला घेतो." ते काम मला सोडायचं नव्हतं. "पण स्वामींपुढं न वाकता कसं उभं राहू?" मी चाचरत विचारलं. स्वामीच म्हणाले, "पडू दे की त्याला पाया. मंग मारंल." तसंच केलं. त्यांचा हात डोक्यावर असतानाच मी चाप ओढला आणि तो हात माझ्या कानावरून घसरत खाली गेला. कुणीच 'कट' म्हणालं नाही. शेवटी मिटल्या डोळ्यांनी स्वामींनीच विचारलं, "मेलो का रं? उठू का आता?" फिल्म पूर्ण झाली, बाकीचे पुण्याला गेले, मीही गाव सोडलं. मी अजूनही गावी गेलो की त्यांच्या पाया पडतो. ते म्हणतात, "आधी दोनी हात दाव." मी रिकामे तळवे पुढे करतो, मगच ते माझ्या डोक्यावर हात ठेवतात.