तिचा किडा
परवा प्रयोगशाळेत कुणीतरी वाळकी बुरशी फोडली आणि त्या मातकट वासानं मी थेट आमच्या गावी दिघोरीला, शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर जाऊन पोहोचले. लाकडावरच्या बुरशीत राहणारा, तिळाहून लहान असा एक भुंगेरा शोधत मी काही वर्षांपूर्वी जंगलं पालथी घालत होते. आपल्या जिल्ह्यात त्याची नोंदच नव्हती. एकदा सोबत संशोधन करणारी मैत्रीण घरी जेवायला आली. धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं पाहताना ती धुऱ्यावरच्या मोहाच्या जुन्या खुंटावर टेकली, त्याची बुरशी सहज फोडली, भिंग लावलं आणि ओरडली, “अवो, हाच तर शिंगवाला!” नराच्या डोक्यावरची दोन इवली शिंगं मलाही दिसली. लहानपणापासून मी त्याच खुंटावर बसत आले होते. आईनं कौतुकानं तिच्या ताटात आणखी भात वाढला आणि मला विचारलं, “तुले काहून नाही दिसला वो?” आता त्या भुंगेऱ्याच्या नकाशावर आमच्या शेताचा ठिपका आहे आणि शोधणारी म्हणून नाव तिचं आहे. तेही एकवेळ सोसलं असतं. पण मागच्या उन्हाळ्यात मी कुऱ्हाड घेऊन तो खुंट सरपणाला फोडायला निघाले, तर आई आडवी आली, “राहू दे वो, तिचा किडा हाय त्यात.”